म्हाताऱ्या घोड्याची चंदी



मागच्या वर्षी आमच्या पुतण्याचं लग्न झालं. मे महिना, धाराशिवचं ऊन, आणि वरातीला घोडी हवी की सजवलेली जीप यावर घरात दोन दिवस चर्चा. शेवटी जाऊबाईंची हौस म्हणून घोडीच ठरली. वरात कशी झाली ते पुढे सांगते. दुसऱ्या दिवशी मंदिरात गेलो, तेव्हा माझी नात संभवनाथ भगवंतांच्या मूर्तीखाली कोरलेल्या घोड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, कालची घोडी म्हातारी झाली की कुठे जाते?"

तिसऱ्या तीर्थंकरांचं लांछन घोडा आहे, हे आपण पाठशाळेत घोकतो. आदिनाथांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा. पण तो म्हातारा झाल्यावर त्याची चंदी कोण भरणार, हा प्रश्न काही पाठशाळेत कुणी विचारला नव्हता. मी तिला म्हटलं, "पूर्वी पांजरपोळात जायची." ते पूर्ण उत्तर नव्हतं, म्हणून हा लेख.

माझ्या माहेरी अडत होती. शेतकऱ्याला माल विकल्यावर जी पट्टी मिळायची, तिच्यात खाली वजावटींच्या ओळी असायच्या. हमाली, तोलाई, अडत आणि शेवटी बारीकसा एक आकडा, 'धर्मादाय'. मी बी.कॉम.ला असताना दादांना ऐटीत विचारलं होतं की हे उत्पन्नात दाखवता की खर्चात? दादा म्हणाले, "दोन्हीत नाही. ते आपलं नाहीच. त्याचं खातं वेगळं." मला तेव्हा ती जुन्या माणसाची भाबडी समजूत वाटली. पुढे कळलं की कायदाही तेच म्हणतो. आपल्या राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ५४ खास याच 'धर्मादा'साठी आहे. रूढीप्रमाणे गिऱ्हाइकाकडून धर्मादा घेणारा व्यापारी त्या पैशाचा मालक नसून विश्वस्त असतो, आणि त्याने हिशोब द्यायचा असतो. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात १९७० च्या दशकाच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानेही ठरवलं की असा धर्मादा हे व्यापाऱ्याचं उत्पन्न धरता येणार नाही. दादांनी कलमं वाचली नव्हती. त्यांना ते आजोबांकडून आलं होतं, आणि आजोबांना बाजाराकडून.

बाजाराकडून म्हणजे महाजनाकडून. आपण 'महाजन' म्हटलं की एक आडनाव किंवा एखादा सावकार डोळ्यासमोर येतो. गुजरातेत आणि तिथून मुंबईत मात्र महाजन म्हणजे एका धंद्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांची बांधलेली संस्था. कापडवाल्यांचं महाजन, सराफांचं महाजन, धान्यवाल्यांचं महाजन. सुट्टी कधी पाळायची, वजनमाप कोणतं, भांडण कोण तोडणार, सगळं महाजन ठरवी. कुणी नियम मोडला तर दंड, आणि दंड भरला नाही तर त्याच्याशी व्यवहार बंद. या दंडाचा आणि मालावरच्या बारीक लाग्याचा मोठा भाग धर्मकार्याला, विशेषतः पांजरपोळाला जाई.

अहमदाबादच्या महाजनांची एक रीत मला फार आवडते. सुट्टीच्या दिवशी बाजार बंद, पण गिऱ्हाइकाची अडचण नको म्हणून एकच दुकान उघडं ठेवायचं. ते कुणाचं, याचा लिलाव व्हायचा. जास्त बोली लावेल त्याचं दुकान उघडं, आणि बोलीचा पैसा धर्मादायात! आपल्याकडे पंचामृत अभिषेकाची बोली लागते ना, अगदी तसंच. बोलीवरून आपल्या बायकांत कुजबूज होते ("पैसेवाल्यांचाच देव का?"), मीही ती केलेली आहे. पण त्या लिलावातून जनावरांचा चारा येत होता म्हटल्यावर थोडी नरमते.

पांजरपोळ या शब्दातलं 'पांजर' म्हणजे पिंजरा, आणि 'पोळ' म्हणजे वेस असलेला मोहल्ला. सुरतेच्या पांजरपोळाचं वर्णन ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने करून ठेवलं आहे. तो १६८९ मध्ये विलायतेहून निघाला, सुरतेला राहिला आणि १६९६ साली त्याचं पुस्तक छापून आलं. शहरापासून मैलभरावर वाण्यांनी चालवलेलं मोठं इस्पितळ आहे, त्यात आजारी, लंगडी, वयाने थकलेली जनावरं ठेवतात, असं तो सांगतो. आणि यादीत गाईच्या लगेच पुढे घोडा आहे. मग शेळ्या, कुत्री. राबून थकलेल्या बैलाला मालकाने मारू नये म्हणून वाणी तो मागून किंवा विकत घेतात, हेही त्याने टिपलं आहे. त्याला हे सगळं जरा विचित्र वाटलेलं दिसतं. पण लिहून ठेवलं हे बरं झालं.

आता घोडा यादीत असणं ही साधी गोष्ट नाही. गाय म्हातारी झाली तरी शेणगोवऱ्या देते, तिच्यामागे लोकांची श्रद्धा असते, दानपेटीत पैसे पडतात. घोड्याचं तसं नाही. त्याला भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी लागते, चांगलं गवत लागतं, रोजचा खरारा लागतो, आणि नाल काढला तरी खूर वाढतच राहतो, तो वेळोवेळी कापावा लागतो. हिशोबाच्या भाषेत म्हातारा घोडा म्हणजे निव्वळ खर्च. एखाद्या दिवशी कुणाला दया आली म्हणून असा खर्च निघत नाही. तो रोज निघावा लागतो. म्हणूनच पट्टीवरच्या त्या बारीक ओळीचं मला महत्त्व वाटतं. माल विकला की पैसा आपोआप बाजूला पडला. त्या दिवशी व्यापाऱ्याचं मन चांगलं होतं की वाईट, याच्याशी घोड्याच्या चंदीचा संबंध राहिला नाही.

मुंबईचं पांजरपोळ याच पद्धतीवर उभं राहिलं. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस होतं, त्यामुळे माणसं घरात शिरून कुत्री ओढून नेऊ लागली. जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, त्यांच्या मागोमाग हिंदू, जैन व्यापारीही. दुकानं बंद, दंगल, फौज. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, पारशी जमशेटजी जीजीभॉय आणि आपले जैन शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरजवळ पांजरपोळ काढलं. मोतीचंद म्हणजे मोतीशा शेठ. भायखळ्याचं आदिनाथ मंदिर त्यांचं, शत्रुंजयावरची मोतीशा टूंकही त्यांची. व्यापाऱ्यांनी एकत्र बसून मालावर ठरावीक लागा लावून घेतला. आज तिथल्या गल्ल्यांना पांजरपोळ गल्ली म्हणतात, आणि चेंबूरला जागा घेतली त्या भागालाही पांजरपोळच म्हणतात. कितीतरी लोक रोज तिथून बसने जातात, नाव कशावरून पडलं ते मनातही येत नसेल.

इथे एक गोष्ट लपवली तर मला झोप लागणार नाही. तो लागा ज्या मालावर होता त्यात कापूस होता, तशीच अफूही होती. जमशेटजी आणि मोतीशा दोघेही चीनच्या व्यापारातले मोठे असामी, आणि त्या काळच्या चीनच्या व्यापारात अफूची पेटी हाच मुख्य माल. आपल्या श्रावकाचारात वर्ज्य धंद्यांची जी पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, त्यांत विषाचा व्यापारही येतो. अफू विषात बसते की औषधात, यावर तेव्हाच्या शेठजींनी काय समजूत करून घेतली असेल ते त्यांनाच ठाऊक. चीनमधली घरं उद्ध्वस्त करणाऱ्या पेटीमागे चार पैसे बाजूला पडले आणि त्यातून मुंबईतल्या लंगड्या घोड्याला हरभरे मिळाले. मी हे दोन्ही आकडे एका पानावर मांडून पाहिले. ताळा बसत नाही. पण हरभरे खोटे होते असंही म्हणवत नाही.

दुसरा प्रश्न आमच्याच पट्टीचा. धर्मादाय कापला कुणाच्या पैशातून? शेतकऱ्याच्या. नाव व्यापाऱ्याचं झालं, पाटी व्यापाऱ्याची लागली, आणि कपात मात्र ज्वारी-तूर विकणाऱ्या माणसाच्या पट्टीत. शेतकऱ्यांच्या तक्रारींमुळेच बाजार समित्यांचे कायदे आले आणि मनमानी वजावटींना आळा बसला. महाराष्ट्राचा तो कायदा १९६३ चा. दादा त्यावर रागावायचे. मी रागावत नाही. न विचारता दुसऱ्याच्या खिशातून काढलेली दया ही अर्धीच दया, असं मला वाटतं.

धंदेवाल्यांनी संघ करून धर्माचा पैसा सांभाळायचा, ही चाल आपल्या मातीत मोगल-इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. तेरला आपण महावीर भगवंतांच्या दर्शनाला जातो. तेच जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर असल्याचं आणि तिथलं कापड गाड्यांमधून भडोचला जात असल्याचं लिहिलं आहे. इतका व्यापार म्हटल्यावर कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणी आल्याच. श्रेणींचा हिशोब कसा चाले, हे नाशिकच्या लेण्यात दगडावर वाचायला मिळतं. उषवदात या क्षत्रपांच्या जावयाने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव ठेवली. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मी गुणाकार केला. महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एक पैसा इकडेतिकडे नाही! मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. आपल्या मंदिराच्या ध्रुवफंडाचा नियम दोन हजार वर्षांपूर्वी विणकरांना पाठ होता.

आता कुणी म्हणेल, व्यापाऱ्यांचा संघ झाला की जनावराचं भलं होतंच का? नाही. उलट उदाहरण मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेत पाहिलं. अरबस्तान-इराणकडून जहाजांनी घोडे यायचे, पांड्य राजा दरवर्षी दोन हजारांहून जास्त विकत घ्यायचा, आणि वर्ष संपेपर्यंत त्यातले शंभरही जगत नसत. कारण काळजी घेणारे जाणकार तिथे नव्हते. पोलो म्हणतो, घोडे आणणारे व्यापारी नालबंद-सलोत्र्यांना मुद्दामच तिकडे येऊ देत नसत. घोडे मेले तर पुढच्या वर्षी पुन्हा विक्री. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. जाता जाता, आपल्या ठाण्याच्या राजाबद्दलही त्याने लिहिलंय की समुद्री चाच्यांशी त्याचा करार होता, लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. घोड्याच्या किमतीने राजेसुद्धा कसे घसरत, बघा.

म्हणजे जाण असलेला कारागीर बाजूला केला की घोडा मेलाच. आपल्याकडे ते कारागीर म्हणजे नाल ठोकणारा नालबंद, दुखणं पाहणारा सलोत्री, आणि खोगीर, तंग, लगाम बनवणारा जिनगर. जिनगर हे नाव मी लहानपणी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं जिनेंद्राशी काहीतरी संबंध असेल! दादा खूप हसले. 'जीन' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ खोगीर. मराठ्यांचं घोडदळ होतं तोवर जिनगरांना मान आणि काम दोन्ही होतं. पागा मोडल्या, फौजा गेल्या, आणि त्यांनी मूर्ती घडवणं, रंगकाम अशा दुसऱ्या कला धरल्या. खोगीर नीट बसलं नाही तर घोड्याची पाठ सोलते, तंग घट्ट झाला तर श्वास कोंडतो. घोड्याच्या वेदनेचं निम्मं कारण किंवा निम्मा उपाय त्या कारागिराच्या सुईत असतो. आपल्या समाजाने चामड्याचा आणि जनावराचा धंदा वर्ज्य मानला, ते आपल्या व्रताला धरूनच आहे. पण त्यामुळे जखम झाल्यावर आपण चारा घेऊन हजर, आणि जखम होऊ नये म्हणून राबणाऱ्या माणसाकडे मात्र आपलं लक्ष नाही, असं झालं का? मला तसं वाटतं. चुकत असेन तर कळवा.

लंडनमध्ये उलट घडलं. तिथे संघ कारागिरांचेच होते. खोगीरवाल्यांचा वेगळा, लगाम-रिकीब घडवणाऱ्यांचा वेगळा, नालबंदांचा वेगळा. नालबंदांच्या संघाची सुरुवात १३५६ पासून धरतात. चुकीचे नाल मारून घोडे लंगडे होतात अशा तक्रारी आल्या आणि तिथल्या महापौरांनी सगळ्या नालबंदांना बोलावून नियम घालून दिले. घोडे रस्त्यावरून गेले तरी संघ टिकला. १९७५ साली तिथे कायदा झाला, त्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला घोड्याला नाल मारता येत नाही, आणि त्या शिक्षणाची काळजी आजही तो जुना संघ वाहतो. त्यांनी घोडा कामाचा असतानाचं पाहिलं. आपल्या महाजनांनी घोडा बिनकामाचा झाल्यावरचं पाहिलं. दोन्ही एकत्र कुठे आले असते तर!

पांजरपोळांवर टीकाही झाली, आणि ती सगळीच गोऱ्यांची नव्हती. खुद्द गांधीजींनी लिहिलं की पांजरपोळं नीट चालत नाहीत, तिथे जाणकार माणसं नाहीत. पाय मोडलेल्या घोड्याला इंग्रज गोळी घालून मोकळा करी आणि आपण त्याला जगू देतो, यात दया कोणती, हा वाद जुना आहे. मी मारण्याच्या बाजूने कधीच बोलणार नाही. पण जगू देणं म्हणजे चिखलात पडू देणं नव्हे, वेदना कमी करणारं औषध आणि माणूसही हवा, हे मान्य करायला हवं. मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था निघाली, पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचं इस्पितळ झालं, आणि १८८६ मध्ये पशुवैद्यकाचं कॉलेज. या इस्पितळामागे पारशी दान होतं. आपल्या चाऱ्याला डॉक्टर मिळाला तो असा.

पुढे मोटार आली आणि घोडाच गेला. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. बातम्या पाहताना माझ्या मनात पहिला विचार आला की गाडीवाल्यांचं काय ते सरकार बघेल, घोड्यांची चंदी कोण भरणार? लागा बंद, महाजन राहिलं नाही, पट्टीवर ओळ नाही. आज आपल्या बिलावर जीएसटी दोन तुकड्यांत छापलेला असतो, धर्मादाय कुठेच नाही. आपण दान देतो, नाही असं नाही. जीवदयेचा डबा घरोघरी आहे. पण तो पर्युषणात भरतो आणि मग वर्षभर कपाटावर.

आता लग्नाकडे येते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत, ते आपण सगळ्यांनी पाठ केलेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपेल त्याहून जास्त भार लादणं, आणि वेळेवर अन्नपाणी न देणं. मुलींना शिकवताना मी हे नेहमी बैलाचं उदाहरण देऊन शिकवत आले. वरातीच्या रात्री समोर घोडी होती. डोळ्यांना चकाकती झापडं, तोंडात घट्ट लगाम, दोन हातांवर डीजेचा भोंगा, आणि पाठीवर आमचा ८५ किलोंचा नवरदेव, शिवाय त्याच्या पुढ्यात हौसेने बसवलेला भाचा. घोडीचे कान मागे पडले होते. मला पाचही अतिचार नाही, पण तीन तरी सरळ मोजता आले.

मी जाऊबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या आधी चिडल्या, मग घोडीकडे नीट पाहिलं आणि स्वतःच पुढे जाऊन भाच्याला खाली उतरवलं. घोडीवाला तरुण पोरगा होता. विचारलं तर म्हणाला, आज ही तिसरी वरात, सकाळपासून पाणी पाजायला सवड मिळाली नाही. कार्यालयातून बादली आणवली. डीजे थांबवल्यावर पाहुण्यांना वाटलं लाईट गेली. घोडीने एका दमात बादली रिकामी केली, दुसरीही निम्मी प्यायली. नवरदेव तोवर उतरून उभा होता आणि मग म्हणाला, राहिलेलं मी चालतच येतो. फोटोवाला हिरमुसला.

हिशोब चुकता करताना मी यजमानांना सांगून घोडीवाल्याच्या ठरलेल्या पैशांखाली वेगळी एक ओळ लिहून घेतली, 'चंदी', आणि तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात दिले. पोरगा पाकीट उलटसुलट करून बघत होता. म्हणाला, "काकू, हे कशाचे?" मी म्हटलं, "हे तुझे नाहीत रे. तिचे आहेत."